भोंगे बसवल्यानंतरची वर्षे

२८ मे २०२५ या एकाच दिवशी पर्वतांत राहणाऱ्या माणसांच्या दृष्टीने महत्त्वाच्या दोन घटना घडल्या. स्वित्झर्लंडमधील ब्लाटन या गावावर बिर्च हिमनदी कोसळली आणि गावाचा बहुतेक भाग बर्फ, दगड आणि चिखल यांच्या राशीखाली नाहीसा झाला. त्याच दिवशी जर्मनीतील हाम येथील उच्च न्यायालयाने, पेरूच्या साउल लुसियानो ल्यूया या शेतकऱ्याने आरडब्ल्यूई या बड्या वीजकंपनीविरुद्ध २०१५ पासून लढवलेल्या दाव्याचा निकाल दिला.

ब्लाटनमधील सुमारे ३०० रहिवाशांना १९ मे रोजीच जनावरांसह गावाबाहेर काढले गेले होते. वरच्या कड्याची हालचाल उपकरणे सतत टिपत होती, त्या नोंदी वाचणारे तज्ज्ञ हाताशी होते आणि त्यांच्या शब्दावर लगोलग गाव रिकामे करू शकेल अशी प्रशासनाची घडी बसलेली होती. एका माणसाचा जीव गेला, घरे गेली, पण बाकीची माणसे वाचली. ल्यूया यांची गोष्ट वेगळी आहे. ते ज्या उआरास शहराच्या परिसरात राहतात, त्याच्या वर पाल्काकोचा हे हिमतळे आहे. १३ डिसेंबर १९४१ रोजी या तळ्याचा नैसर्गिक बांध फुटला आणि शहराचा मोठा भाग वाहून गेला. मृतांचे अंदाज १,८०० पासून ५,००० पर्यंत आहेत. हिमनदी मागे सरकत गेल्यामुळे तळे पुन्हा भरले. औद्योगिक युगापासून जगाने सोडलेल्या, हवा तापवणाऱ्या वायूंमध्ये या कंपनीचा वाटा ०.४७ टक्के आहे, तेव्हा तळे सुरक्षित करण्याच्या खर्चापैकी तेवढा वाटा, म्हणजे सुमारे १७,००० युरो, तिने द्यावा, एवढीच त्यांची मागणी होती. न्यायालयाने त्यांच्या घराला असलेला धोका पुरेसा निकटचा नाही या कारणाने दावा फेटाळला. मात्र मोठे प्रदूषक दूरदेशीच्या हानीलाही तत्त्वतः जबाबदार ठरू शकतात, हे मान्य केले. हे तत्त्व मान्य होणे मला फार मोलाचे वाटते. पण तत्त्व मान्य झाल्याने तळ्यातील पाणी कमी होत नाही, आणि त्या पाण्यावर रात्रंदिवस नजर कोणी ठेवायची, त्याचा पगार कोणी द्यायचा, हा प्रश्नही मिटत नाही.

दुर्गम पर्वतीय गावांना हवामानबदलाशी जुळवून घेण्यास कशी मदत करावी, याविषयी मी गेली अनेक वर्षे जे वाचत आले आहे, त्यातून माझे एक मत पक्के होत गेले आहे. ज्ञानाची उणीव हा या मदतीतला मुख्य अडसर राहिलेला नाही. आपण उभारणीसाठी पैसे देतो आणि उभारलेल्या गोष्टीची निगा राखण्यासाठी देत नाही; शिवाय ती गोष्ट गावाच्या आधीपासून चालत आलेल्या व्यवस्थेत गुंफण्याऐवजी तिच्या शेजारी, परक्यासारखी, उभी करून निघून येतो. पुढे जे लिहीत आहे ते या मताच्या आधाराने.

पार्श्वभूमीचे आकडे आता बऱ्याच जणांना माहीत आहेत, म्हणून थोडक्यात सांगते. हवामानबदलावरील आंतरशासकीय मंडळाच्या २०१९ च्या अहवालानुसार जगातील उंच पर्वतीय प्रदेशांत सुमारे ६७ कोटी लोक राहतात, आणि तेथील तापमान दर दशकाला सुमारे ०.३ अंश सेल्सिअसने वाढत आहे. जगाच्या सरासरीचा वेग सुमारे ०.२ अंश आहे. काठमांडू येथील इसिमोड या पर्वतीय प्रदेशांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने त्याच वर्षी सांगितले की जगाची तापमानवाढ १.५ अंशांवर रोखली तरीही हिंदुकुश-हिमालयातील एक तृतीयांश हिमनद्या या शतकाच्या अखेरीस नष्ट होतील. २०११ ते २०२० या दशकात तेथील हिमनद्या आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के अधिक वेगाने घटल्या, असे तिचाच २०२३ चा अहवाल सांगतो. गावात मात्र हा बदल आकड्यांच्या रूपाने येत नाही. पेरणीच्या दिवसांत पाट कोरडा असतो आणि पीक उभे असताना लोंढा येतो. जिथे पूर्वी बर्फ पडत असे तिथे पाऊस पडतो, आणि कोरड्या हवेसाठी बांधलेली मातीची सपाट छपरे गळू लागतात. खालच्या उतारांवरची कीड वरच्या शेतांत पोहोचते.

येथे एक सावधगिरी आवश्यक वाटते. पर्वतातील प्रत्येक संकट हवामानबदलाच्या खात्यावर टाकणे सोयीचे असते, कारण मग जवळचा कोणीच जबाबदार उरत नाही. जोशीमठ हे जुन्या दरडीच्या मलब्यावर वसलेले आहे आणि तेथे अवजड बांधकाम करू नये, असे मिश्रा समितीने १९७६ मध्येच सांगितले होते. जानेवारी २०२३ मध्ये तेथील घरांना रुंद भेगा पडल्या तेव्हा त्या इशाऱ्याला सत्तेचाळीस वर्षे होत आली होती. मदत करणाऱ्याने कोणते नुकसान तापलेल्या हवेमुळे झाले आणि कोणते चुकीच्या रस्त्यामुळे किंवा बोगद्यामुळे झाले, हे प्रामाणिकपणे वेगळे केले नाही, तर तो रोग एक आणि औषध दुसरे अशी गत करून ठेवतो.

निगराणीचा प्रश्न मला सर्वांत स्पष्टपणे दिसला तो नेपाळच्या त्शो रोल्पा या तळ्याच्या इतिहासात. रोल्वालिंग खोऱ्यातील हे हिमतळे दगडगोट्यांच्या सैल बांधाने अडलेले आहे, आणि तो बांध फुटला तर तामाकोशी नदीकाठची गावे धोक्यात येतात. १९९७ च्या पावसाळ्यात तळे फुटणार असा बोभाटा झाला, खालच्या वस्त्या हलवल्या गेल्या, लोकांनी धास्तीत दिवस काढले आणि पूर आला नाही. पुढच्याच वर्षी, १९९८ मध्ये, नदीकाठच्या गावांमध्ये पूर्वसूचनेचे भोंगे बसवण्यात आले, आणि २००० साली बांधातून कालवा काढून तळ्याची पातळी तीन मीटरने खाली आणली गेली. अभियांत्रिकीच्या दृष्टीने हे उत्तम काम होते. तरीही थोड्याच वर्षांत भोंग्यांची ती यंत्रणा निकामी झाली. देशात सशस्त्र संघर्ष चालू होता हे त्याचे एक कारण आहे, पण एकमेव नाही. तिच्या देखभालीची जबाबदारी, पैसा आणि सुटे भाग यांची दीर्घकाळची व्यवस्था झालेली नव्हती.

भोंगा ही किती परावलंबी वस्तू आहे याचा विचार करून पाहावा. त्याला वीज लागते, म्हणजे सौर तावदान आणि बॅटरी लागते. बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते. ती बदलणारा माणूस चार दिवसांच्या वाटेवर न राहता गावातच राहणारा असावा लागतो. त्याला मानधन हवे, आणि वर्षातून एकदा तरी सगळ्या गावाने भोंगा ऐकून कोणत्या वाटेने कुठे चढून जायचे याचा सराव करायला हवा. याहूनही नाजूक गोष्ट म्हणजे विश्वास. १९९७ मध्ये आलेला इशारा खोटा ठरल्यावर लोकांच्या मनात जी शंका बसली, ती दूर करण्यासाठी कोणत्याही अंदाजपत्रकात रकाना नसतो. इशारा फसला तर त्याचे कारण गावाला समजावून सांगणे, पुढच्या वेळी निर्णय कोण घेणार हे गावासमोर ठरवणे, हेही देखभालीचेच काम आहे, आणि ते करायला यंत्रज्ञापेक्षा तिथली बोली बोलणारा, तिथल्या घरांत ऊठबस असणारा माणूस लागतो.

भूतानचे उदाहरण थोडे आशा देणारे आहे. ७ ऑक्टोबर १९९४ रोजी लुग्गे त्शो हे तळे फुटून आलेल्या पुरात २१ माणसे मृत्युमुखी पडली. त्याच्या शेजारचे थोरथोर्मी तळे फुटले तर अनर्थ त्याहून मोठा होईल, हे ओळखून २००८ पासून पुढील काही हंगामांत त्याची पातळी पाच मीटरने उतरवण्यात आली. तेथे अवजड यंत्रे नेता येत नव्हती. अनेक दिवसांची पायपीट करून शेकडो माणसे वर जात, विरळ हवेत, गोठवणाऱ्या पाण्यात उभे राहून हातांनी दगड काढत आणि थंडी सुरू होताच खाली उतरत. या कष्टांविषयी वाचताना मन भरून येते. पण हिमनदी वितळत आहे तोवर तळ्याची वाढ थांबत नाही, त्यामुळे असे काम एकदा करून संपत नाही.

याद्यांवरही फार विसंबता येत नाही. इसिमोडने २०२० मध्ये कोशी, गंडकी आणि कर्णाली यांच्या खोऱ्यांतील ४७ धोकादायक हिमतळ्यांची यादी प्रसिद्ध केली. १६ ऑगस्ट २०२४ रोजी नेपाळच्या खुंबू भागातील थामे या शेर्पांच्या गावाचा मोठा भाग ज्या लोंढ्याने उद्ध्वस्त केला, तो त्या यादीत नसलेल्या लहान तळ्यांतून आला होता. लोंढा दिवसा आला म्हणून माणसे पळून वाचली. रात्री आला असता तर काय झाले असते, याची कल्पनाही करवत नाही. उपग्रहांची नजर मोठ्या तळ्यांवर असते. लहान तळ्यांच्या कडेने उन्हाळ्यात जनावरे घेऊन जाणारे गुराखी मात्र दरवर्षी तिथे असतात. पाण्याचा रंग बदलला, ओहोळ एकाएकी आटला, कड्यावरून नेहमीपेक्षा जास्त दगड सुटू लागले, हे त्यांना आधी दिसते. त्यांनी ते कोणाला कळवायचे, आणि कळवल्यावर त्यांचे म्हणणे नोंदवून घेणारे कोणी आहे का, हे ठरवायला फारसा खर्च येत नाही. तरी ते बहुतेक ठिकाणी ठरलेले नसते.

लडाखविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण तेथे गावाच्या गरजेतून जन्मलेले उपाय आहेत आणि त्यांच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. लेहमध्ये वर्षाकाठी जेमतेम १०० मिलिमीटर पर्जन्य होते. शेती सगळी बर्फाच्या पाण्यावर चालते, आणि अडचण पाण्याच्या प्रमाणाइतकीच त्याच्या वेळेची आहे. जवाची आणि गव्हाची पेरणी एप्रिल-मेमध्ये करावी लागते, तर उंचावरच्या हिमनद्यांचे पाणी जूनमध्ये उतरू लागते. हिवाळ्यात मात्र ओढ्यांचे पाणी कोणाच्याही उपयोगाविना वाहून जाते. ग्रामविकासाच्या कामात आयुष्य घालवलेले अभियंते चेवांग नोर्फेल यांनी पाहिले की गोठू नये म्हणून चालू ठेवलेल्या नळाचे पाणी झाडांच्या सावलीत संथ झाले की गोठते आणि वेगाने वाहते तिथे गोठत नाही. एवढ्या निरीक्षणावरून १९८७ पासून त्यांनी गावांच्या वर, सावलीच्या उतारांवर, दगडांचे ठेंगणे बांध घालून हिवाळ्याचे पाणी संथ करून थरांनी गोठवण्यास सुरुवात केली. असे बांध वेगवेगळ्या उंचीवर घातले की गावाजवळचे बर्फ आधी वितळते आणि वरचे नंतर, त्यामुळे पेरणीपासून पुढे पाण्याची साखळी तुटत नाही. पुढे सोनम वांगचुक यांनी हेच तत्त्व वेगळ्या आकारात आणले. वरच्या ओढ्यातून नळाने आणलेले पाणी स्वतःच्या दाबाने कारंज्यासारखे उडवायचे आणि कडाक्याच्या थंडीत त्याचा शंकू उभा करायचा; शंकूचा पृष्ठभाग त्याच्या आकारमानाच्या मानाने कमी असल्यामुळे तो उन्हात सावकाश वितळतो. हे हिमस्तूप सावली नसलेल्या, गावाजवळच्या जागीही उभे राहू शकतात.

या कामांचे जगभर कौतुक झाले आणि ते योग्यच आहे. परंतु दोन गोष्टी कौतुकाच्या भरात मागे पडतात. पहिली अशी की हे बर्फ हिमनदीची जागा घेऊ शकत नाही. हिमनदी अनेक वर्षांचे पाणी साठवते, हा बर्फ एका हिवाळ्याचा असतो, आणि हिवाळाच ऊबदार निघाला किंवा ओढ्याला पाणीच कमी असले तर साठा घटतो. दरवर्षी बांध दुरुस्त करावे लागतात, नळ गोठून फुटू नयेत म्हणून ऐन थंडीत रात्री-अपरात्री कोणीतरी वर जावे लागते. दुसरी गोष्ट पाण्याच्या हक्काची आहे. फ्यांगच्या खोऱ्यात पहिले हिमस्तूप उभे राहिले, तेव्हा हिवाळ्याचे पाणी वर अडवल्यास खालच्या गावाच्या वाट्याचे काय, यावरून वाद झाला. बाहेरून पाहणाऱ्याला हिवाळ्यातले पाणी वाया जाणारे वाटते; खालच्या गावाला ते तसे वाटेलच असे नाही. लडाखच्या गावांमध्ये छुरपोन असतो. गावाने नेमलेला हा पाटकरी कोणाच्या शेताला कोणत्या दिवशी किती वेळ पाणी मिळेल हे पाहतो, आणि त्याचा शब्द मानला जातो. नवे पाणी निर्माण करणारी कोणतीही योजना या पाटकऱ्याच्या आणि वरच्या-खालच्या गावांच्या बैठकीतून गेली नाही, तर ती पाण्याबरोबर भांडणही निर्माण करते. म्हणून मदत देणाऱ्या संस्थेने नकाशा उघडण्याआधी पाणीवाटपाचे नियम विचारून घ्यावेत, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

मध्यम उंचीच्या डोंगररांगांत हिमनद्यांपेक्षा झऱ्यांचा प्रश्न अधिक तातडीचा आहे, आणि त्याकडे लक्ष मात्र कमी जाते, कारण आटणाऱ्या झऱ्याचे छायाचित्र कोसळत्या हिमकड्यासारखे कोणाच्या नजरेत भरत नाही. निती आयोगाच्या २०१८ च्या अहवालाने भारतीय हिमालयातील सुमारे ३० लाख झऱ्यांपैकी जवळपास निम्मे आटत असल्याचे म्हटले. पाऊस थोड्या दिवसांत धो-धो पडून जातो, जमिनीत मुरत नाही; हिवाळ्यातला हळूहळू झिरपणारा बर्फ कमी होतो; रस्त्यांसाठी डोंगर कापल्याने भूजलाच्या वाटा तुटतात. परिणाम स्त्रियांच्या डोक्यावरील हंड्याच्या अंतरात मोजावा लागतो.

सिक्कीममध्ये ग्रामीण कुटुंबांपैकी सुमारे ८० टक्के कुटुंबे झऱ्यांवर अवलंबून आहेत. तेथे २००८ पासून ‘धारा विकास’ हा कार्यक्रम राबवला गेला आणि त्यात पुण्याच्या ॲक्वाडॅम या भूजलाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचे मोठे साहाय्य होते. या कामाचे वैशिष्ट्य असे की त्याची सुरुवात खडकापासून होते. झरा जिथे बाहेर पडतो तिथे टाकी बांधणे हा सरकारी खात्यांचा नेहमीचा उपाय. पण झऱ्याचे पाणी जिथे मुरते ती जागा खूप वर, कधी डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, दुसऱ्याच गावाच्या हद्दीत असू शकते. खडकांचे थर कोणत्या दिशेला कलले आहेत, भेगा कुठून कुठे जातात, हे पाहिल्याशिवाय चर कुठे खणायचे ते कळत नाही. हे पाहायला गावातल्याच तरुण-तरुणींना शिकवले गेले आणि चर खणण्याचे काम रोजगार हमीच्या पैशांतून झाले. अनेक झऱ्यांचा उन्हाळ्यातील प्रवाह वाढला. मला या कार्यक्रमात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे, की झऱ्याचे पाणी महिनोन्महिने मोजून वहीत लिहिणारा माणूस गावातच राहतो. बाहेरचे शास्त्रज्ञ परत गेल्यावरही चर गाळाने भरला की नाही, प्रवाह घटला की वाढला, हे त्याला कळते. पुनर्भरणाची जागा शेजारच्या गावाची असेल, तर तिथे चराई बंद ठेवल्याबद्दल त्या गावाला काय द्यायचे, हाही करार दोन गावांतच करावा लागतो. तो करार जुळणे हे खणण्यापेक्षा कितीतरी वेळखाऊ काम आहे आणि त्यासाठी लागणारा वेळ प्रकल्पाच्या आराखड्यात क्वचितच धरलेला असतो.

पाणी डोंगरातच मुरवून मागाहून मिळवण्याची कल्पना अँडीजमध्ये फार जुनी आहे. लिमा शहराच्या वरच्या डोंगरांतील वामांतांगा या गावी इंका साम्राज्याच्याही आधीच्या काळापासून चालत आलेले अमुना नावाचे पाट आहेत. पावसाळ्यातील ओढ्याचे पाणी ते उतारावर नेऊन जमिनीत सोडतात, आणि तेच पाणी खालच्या झऱ्यांतून सरासरी ४५ दिवसांनी पुन्हा वर येते, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. कोरड्या महिन्यांच्या तोंडावर दीड महिना उशिराने मिळालेले ते पाणी पिकाला तारते. हे पाट इतकी शतके टिकले याचे कारण त्यांच्या बांधणीत जितके आहे, तितकेच दरवर्षी सगळ्या गावाने मिळून ते साफ करण्याच्या रिवाजात आहे. गावातील माणसे शहरात निघून गेली की पाट बुजतात. त्यामुळे अशा पाटांच्या डागडुजीला पैसा देताना, वर राहून ती साफसफाई करणाऱ्या कुटुंबांचे उत्पन्न कसे टिकेल हे पाहावेच लागते.

पेरूमध्येच, पिसाक जवळच्या बटाटा उद्यानात केचुआ समाजाच्या गावांनी एकत्र येऊन बटाट्याचे हजाराहून अधिक वाण आपल्या शेतांत जपले आहेत. लिमा येथील आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राने आपल्या संग्रहातील ४०० हून अधिक वाण २००४ च्या करारानंतर या गावांना परत दिले. ही परतफेड मला आदर्श वाटते. एके काळी शेतकऱ्यांकडून गोळा केलेले बियाणे संशोधकांनी रोगमुक्त करून त्यांनाच परत दिले, आणि कोणता वाण कोणत्या उंचीवर लावायचा याचा निर्णय शेतकऱ्यांकडे राहिला. ऊब वाढते तशी बटाट्याची शेते वर सरकत आहेत, आणि डोंगराचा माथा तर ठरलेलाच आहे; अशा वेळी हाती असलेले वैविध्य हीच शेतकऱ्यांची शाश्वती. हिमाचल प्रदेशात सफरचंदाची लागवड कुलूच्या खालच्या भागांतून किन्नौर आणि लाहौल-स्पीतीकडे चढत गेली आहे, कारण झाडांना हिवाळ्यात लागणारे गारठ्याचे तास खाली पुरेनासे झाले. खालच्या शेतकऱ्यांनी डाळिंब आणि किवी लावून मार्ग काढला आहे.

आता पैशाविषयी. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार विकसनशील देशांना हवामानबदलाशी जुळवून घेण्यासाठी २०२२ मध्ये मिळालेला आंतरराष्ट्रीय सार्वजनिक निधी सुमारे २८ अब्ज डॉलर होता, आणि गरज त्याच्या कितीतरी पट आहे. हा निधी वाढलाच पाहिजे. ज्यांनी हवा तापवली त्यांचे ते देणे आहे. पण तो कसा पोहोचतो हेही तितकेच महत्त्वाचे आहे. नेपाळने २०११ च्या हवामानबदल धोरणात किमान ८० टक्के निधी थेट स्थानिक पातळीवर पोहोचावा असे लिहून ठेवले, आणि जानेवारी २०२१ मध्ये स्थानिकांच्या नेतृत्वाखालील अनुकूलनाची आठ तत्त्वे जगापुढे मांडली गेली. त्यांत दीर्घकाळ टिकणारा, सहज मिळणारा निधी हे एक तत्त्व आहे. व्यवहारात मात्र मोठा निधी मिळवण्यासाठी शेकडो पानांचे प्रस्ताव इंग्रजीत लिहावे लागतात, लेखापरीक्षणाच्या अटी लहान ग्रामसंस्थेला पेलत नाहीत, आणि निधी तीन ते पाच वर्षांत खर्चावाच लागतो. दुर्गम पर्वतात कामाचे दिवसच वर्षातून चार-पाच महिने असतात. पाच वर्षांचा प्रकल्प म्हणजे प्रत्यक्षात दोन वर्षांचे काम, आणि त्यातला पहिला हंगाम ओळख करून घेण्यातच जातो.

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक योजनेच्या रकमेतील ठरावीक हिस्सा गावाच्या नावे ठेवीसारखा राखून ठेवावा आणि पुढील पंधरा-वीस वर्षे त्यातून बॅटरी, नळ, पाटाची डागडुजी आणि नोंदी ठेवणाऱ्याचे मानधन भागावे. त्यावर देखरेख गावाच्या पाणीसमितीची असावी आणि हिशेब वर्षातून एकदा सगळ्यांसमोर वाचला जावा. त्या समितीत स्त्रिया केवळ नावापुरत्या असून चालणार नाही. उत्तराखंडच्या पलायन आयोगाने २०१८ मध्ये सांगितले की २०११ नंतर त्या राज्यातील ७३४ गावे पूर्णपणे ओस पडली. आणि जी गावे अजून नांदती आहेत, त्यांतील अनेकांत पुरुष कामासाठी बाहेर आणि शेत, जनावरे, पाणी हे सारे स्त्रियांच्या अंगावर, अशी स्थिती आहे. बैठका त्यांच्या सवडीच्या वेळी, त्यांच्या बोलीत झाल्या पाहिजेत, आणि भोंग्याची दुरुस्ती व प्रवाहाचे मोजमाप शिकवताना पहिली निवड त्यांची झाली पाहिजे, कारण त्याच तिथे वर्षभर असतात.

काही गावांना मात्र कितीही निगा राखली तरी जागा सोडावी लागते, आणि हे मान्य करणे मला सर्वांत जड जाते. लडाखच्या झांस्करमधील कुमिक गावाचे पाणी डोंगरावरील ज्या हिमपट्ट्यावर अवलंबून होते तो आक्रसत गेला, तेव्हा गावकऱ्यांनी खालच्या मोकळ्या माळावर नवी वस्ती उभारण्याचे ठरवले आणि तिथवर नदीचे पाणी नेण्यासाठी स्वतः कालव्यावर राबले. नेपाळच्या वरच्या मुस्तांगमधील धे या गावाचे झरे आटले आणि तेथील कुटुंबांनी नदीकाठच्या थांगचुंगला जाण्याचा मार्ग धरला. तिथे त्यांनी सफरचंदाच्या बागा लावल्या, पण त्या जमिनीची कायदेशीर मालकी हा प्रश्न दीर्घकाळ लोंबकळत राहिला. अशा गावांना घरे बांधून देणारे पुष्कळ भेटतात. त्यांना आधी हवा असतो तो नव्या जमिनीचा सातबारा म्हणावा असा पक्का कागद, नव्या पाटावरील पाण्याचा लेखी हक्क, पहिले पीक हाती येईपर्यंतच्या वर्षांचे धान्य, आणि जुन्या कुरणांवर उन्हाळ्यात जनावरे नेण्याची मुभा. यातील एकाही गोष्टीला सिमेंट लागत नाही. त्या द्यायला महसूल खात्यातील अधिकाऱ्याने डोंगर चढून गावापर्यंत जावे लागते, शेजारच्या गावांची संमती मिळवावी लागते, आणि ते गाव नव्या जागी स्थिरावेपर्यंत पुन्हा पुन्हा जात राहावे लागते.